थंडीत बायकांना कुठं न्यायचं?

(नाशिकमधील कार्यकर्त्यांच्या हिवाळी शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत 'गाडीतला मुक्काम आणि थंडी' असा विषय वाचून सकाळी काही जणींनी मला विचारलं, हा काय आपल्या शिबिराचा विषय झाला? हिंसाचार, जमिनीचा हक्क, मजुरी, आरोग्य हे आपले विषय. पांघरुणावर काय भाषण करायचं? त्यांचं विचारणं रास्त आहे. पण गेल्या काही वर्षांत एक वाक्य आपण सगळ्यांनीच पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. मोर्चा ठरतो, जत्था ठरतो, मुक्कामाचं आंदोलन ठरतं आणि बैठकीत कुणीतरी काळजीच्या सुरात म्हणतं, "एवढ्या थंडीत बायकांना कुठं न्यायचं?" त्या एका वाक्यानं बायकांची नावं यादीतून खाली येतात. हे वाक्य आंदोलनाच्या बैठकीतच तेवढं निघतं, हे लक्षात घ्या. मजुरीला न्यायच्या वेळी ते कुणी काढत नाही. पहाटे पाचला पिकअपच्या हौद्यात उभ्यानं तीस बाया भरताना थंडीची आठवण मुकादमाला होत नाही. म्हणून आज याच वाक्याबद्दल बोलायचं आहे.

गाडीत कोण झोपतं?

आपल्या जिल्ह्यापुरतं पाहू. ऑक्टोबरच्या छाटणीपासून द्राक्षाचा हंगाम सुरू होतो आणि माल निघेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या डोंगरी तालुक्यांतली कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर येऊन राहतात. कुणाला पत्र्याची खोली मिळते, कुणाला बागेच्या कडेला प्लास्टिकचा आडोसा. टोळी एका बागेवरून दुसरीकडे हलते तेव्हा एखाद-दुसरी रात्र गाडीतच जाते. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, संसार आणि शेरडं-कोंबड्यांसकट रात्र रात्र प्रवास करतात. तमाशाच्या फडातल्या बाया खेळ संपला की मध्यरात्री ट्रकमध्ये चढतात आणि पुढच्या गावी उजाडताना उतरतात. फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो, म्हणजे अख्खा हिवाळा त्यात येतो. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. ऐन जानेवारीत दिंड्या पायी येतात, सोबत सामानाचा ट्रक किंवा टेम्पो असतो आणि म्हाताऱ्या बाया त्या टेम्पोत किंवा त्याच्या आडोशाला पडतात.

आणि थंडी म्हणाल तर आपल्या जिल्ह्यातली थंडी मुंबईची नाही. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. राज्यातलं सर्वांत कमी तापमान म्हणून वर्तमानपत्रं ज्याचा आकडा छापतात ते ठिकाण बहुतेकदा हेच असतं. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तिथं पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. अशा रात्री शेतकरी काय करतो, तुम्ही पाहिलं असेल. पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतो, ठिबकनं पाणी सोडतो, कारण थंडीनं मणी तडकतात, फुगवण थांबते आणि वर्षाचं पीक हातचं जातं. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्या डोक्यावर कर्ज असतं. पण मण्याला तडा जाऊ नये म्हणून रात्रभर जागणाऱ्या बागेत, तोच मणी उद्या खुडणारी बाई कशावर झोपली आहे, हे पाहायला कोण जागतं? बागेला ऊब द्यायची हे शास्त्र आहे, त्यावर कृषी खात्याचा सल्ला निघतो. बाईला ऊब द्यायची हा मात्र तिचा खाजगी प्रश्न ठरतो.

नाशिकहून शाहजहाँपूरला

आता चळवळीकडे वळते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च गेला. सहा दिवस, जवळपास १८० किलोमीटर. त्यातल्या आदिवासी बायकांचे फोड आलेले तळपाय साऱ्या देशानं पाहिले. तो उन्हाळा होता. त्यानंतर २१ डिसेंबर २०२० ला किसान सभेचा वाहन जत्था याच नाशिकमधून, गोल्फ क्लब मैदानावरून, दिल्लीच्या दिशेनं निघाला. तीन कृषी कायद्यांच्या विरोधात दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले होते, त्यांना साथ द्यायला सुमारे दोन हजार माणसं टेम्पो, पिकअप, जीपा घेऊन निघाली. पहिला मुक्काम चांदवडला उघड्यावर. पुढे धुळे, मध्य प्रदेश, राजस्थान करत २५ डिसेंबरला जत्था राजस्थान-हरियाणाच्या सीमेवर शाहजहाँपूरला पोचला. हमरस्त्यावरच तळ पडला. कुणी तंबूत, कुणी ट्रॉलीत, कुणी टेम्पोच्या हौद्यात. आपल्याकडच्या बायाही त्यात होत्या. १ जानेवारी २०२१ ला दिल्लीत १.१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. गेल्या पंधरा वर्षांतला तो नीचांक होता.

याच दिवसांतल्या दोन घटना मला तुमच्यासमोर शेजारी शेजारी ठेवायच्या आहेत.

पहिली अशी. ११ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयात या आंदोलनाबद्दल सुनावणी चालू असताना सरन्यायाधीशांनी विचारलं की वृद्धांना आणि स्त्रियांना आंदोलनात का ठेवलं आहे. थंडी आहे, साथ आहे, त्यांना घरी परतायला समजवावं, असा एकूण सूर होता. त्यावर ठिकठिकाणच्या शेतकरी बायकांनी उत्तर दिलं. आम्हाला कुणी 'ठेवलेलं' नाही, शेतात निम्म्याहून जास्त काम आम्ही करतो, आमच्या पोटाचा प्रश्न आहे म्हणून आम्ही आलो. १८ जानेवारीला देशभर महिला किसान दिवस पाळला गेला.

दुसरी घटना अशी. नंदुरबारहून शाहजहाँपूरला गेलेल्या एका ज्येष्ठ आदिवासी आंदोलक बाईंचा जानेवारीच्या अखेरीस, परतीच्या वाटेवर, राजस्थानात मृत्यू झाला. थंडीनं त्यांचा बळी घेतला असं त्यांच्या सोबतच्यांनी सांगितलं.

या दोन्ही घटना एकदम डोळ्यांसमोर ठेवणं अवघड जातं. पहिली ऐकून आपण म्हणतो, आम्ही नाजूक नाही, आम्हाला घरी पाठवू नका. ते खरंच आहे. पण दुसरी घटनाही तितकीच खरी आहे. थंडी माणसाला मारते आणि म्हाताऱ्या, कृश, रक्त कमी असलेल्या बाईला आधी मारते. 'आम्ही कणखर आहोत' या घोषणेनं टेम्पोचा पत्रा गरम होत नाही. माझं म्हणणं असं की 'बायकांना थंडीत नेऊ नका' हे एक टोक आणि 'बाया काय, कुठंही पडतील' हे दुसरं टोक, ही दोन्ही एकाच घरातून निघतात. दोन्हींत तयारीची जबाबदारी कुणावरच येत नाही. आपण तिसरी वाट धरायची. बायका येणार आणि त्यांच्या झोपेची तयारी ही आंदोलनाच्या तयारीचा भाग असणार. माईकचं भाडं, बॅनर, पत्रकं यांच्या यादीत पेंढा आणि घोंगड्या लिहायच्या.

थंडी लागते खालून

तयारी करायची तर थंडी कशी लागते ते आधी समजून घेऊ. आपण समजतो थंडी वरून येते, म्हणून पांघरुणावर पांघरूण घालतो. गाडीत थंडी खालून लागते. पत्रा अंगातली ऊब झपाट्यानं ओढून घेतो. आणि आपल्या वजनानं गोधडी खाली दबते, तिच्यातली हवा निघून जाते. ऊब राखते ती अडकून राहिलेली हवाच. दबलेल्या गोधडीत ती उरत नाही. म्हणून तीन पांघरुणं असतील तर दोन खाली आणि एक वर घ्या. खाली सगळ्यांत आधी पुठ्ठे किंवा गोणपाट, त्यावर वीतभर पेंढा, त्यावर गोधडी. पेठ, सुरगाणा, इगतपुरी हा भाताचा मुलूख, तिथून निघणाऱ्या गाडीला पेंढा फुकट मिळतो. जुनी वर्तमानपत्रंसुद्धा घडीवर घडी करून अंथरली तर चांगलं काम देतात.

दुसरा शत्रू ओल. बंद गाडीत दहा-बारा जणी झोपल्या की रात्रभराच्या श्वासातून लोटाभर पाणी सहज बाहेर पडतं आणि थंड पत्र्यावर जमून अंगावर ठिबकतं. पहाटे गोधडी दमट लागते ती त्यामुळे. म्हणून ताडपत्री बांधताना वरच्या बाजूला, वारा ज्या दिशेनं येत नाही तिकडे, वीतभर फट ठेवायचीच. प्लास्टिकचा कागद थेट अंगावर घेऊ नये, आत घाम साचतो. सकाळी ऊन पडलं की पांघरुणं झटकून वाळत टाकायची. मोर्चाला उशीर झाला तरी चालेल, ओली गोधडी रात्री पुन्हा अंगावर घेणं महागात पडतं. घोंगडीचा गुण हा की लोकर ओलसर झाली तरी थोडी ऊब धरते, सुती कापड ओलं झालं की उलट ऊब ओढून घेतं. धनगराची घोंगडी पिढ्यान्‌पिढ्या पावसात वापरली गेली ती उगीच नाही.

तिसरी गोष्ट आपल्या कपड्यांची. दिवसभर चालून निऱ्या दवानं, चिखलानं ओल्या झालेल्या असतात आणि बाई त्याच लुगड्यात झोपते. वर नवऱ्याचा जुना स्वेटर, खाली पाय उघडे. सगळी काळजी छातीची, कमरेखाली काहीच नाही. झोपायचे कोरडे कपडे वेगळे हवेत. लुगड्याच्या आत लेंगा किंवा सलवार, पायात मोजे, डोक्याला आणि कानाला स्कार्फ. याला बायका लाजतात हे मला माहीत आहे. दिंडोरीकडच्या एका बागेवर मी हे सांगत होते तेव्हा एक आजी म्हणाल्या, "या वयात इजार घालू? सून काय म्हणंल?" सुनेनं लगेच सांगितलं, "आत्याबाई, घाला. मी पण घालते." लाज अशी दोघींनी मिळूनच जाते. कार्यकर्त्यांनी आधी घालून दाखवावं.

पोट रिकामं ठेवून झोपू नका. अंगाची ऊब अन्नातूनच येते. बाजरीची किंवा नागलीची भाकर, झोपताना गूळ-शेंगदाणे, गरम पेज. पंगतीत बायका शेवटी बसतात आणि उरलंसुरलं खातात. ती सवय थंडीच्या मुक्कामात धोक्याची आहे. पातळ पोटानं झोपलेलीला पहाटे हुडहुडी भरते. आणि आपल्या बायकांच्या अंगात रक्तच कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. रक्तातलं लोह कमी असेल तर अंगाला ऊब निर्माण करायला आणि टिकवायला जड जातं. दोघींना एकच गोधडी देऊन एकीला जास्त थंडी वाजत असेल तर ती नखरे करत नाही.

गाडी कुठं लावायची हेही पाहा. नदीकाठ आणि खोलगट जागा टाळा. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी सखल भागात उतरून साचते. निफाडकडच्या नदीकाठच्या पट्ट्यात थंडी जास्त का, याचं एक कारण हेच. आभाळ निरभ्र असलं की जमिनीची आणि गाडीच्या टपाचीही ऊब रात्रभर वर निघून जाते. डोक्यावर झाड, शेड, मंगल कार्यालयाचा मंडप, काहीही असलं तरी दव कमी पडतं. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा, मागची उघडी बाजू भिंतीकडे. सर्वांत थंड वेळ मध्यरात्र नसते, सूर्योदयाच्या थोडी आधीची असते. तेव्हा चहाची चूल पेटलेली हवी. त्यासाठी पहाटे चारला उठणारी बाई एकटी नको, पाळी लावा. आणि पाळीत पुरुषांची नावंही घाला.

निखाऱ्याचं घमेलं

आता सांगते ते प्रत्येकीनं आपापल्या गावात, वस्तीवर परत सांगायचं आहे. बंद गाडीत शेगडी, निखाऱ्याचं घमेलं, कोळशाची बादली घेऊन झोपायचं नाही. कधीच नाही. थोडा वेळही नाही. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून, लाकडातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. धूर संपला, लाल निखारे उरले म्हणजे आता धोका नाही, असं आपण समजतो. निखारेच हा वायू सोडत राहतात. रक्तातला लाल घटक प्राणवायू वाहून नेतो, पण हा वायू त्याला प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असतो पण अंगाला प्राणवायू मिळत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला ती गुंगी कळतच नाही. गरोदर बाई वाचली तरी पोटातल्या बाळाला धोका असतो. दर हिवाळ्यात उत्तर भारतातून खोलीत किंवा गाडीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबंच्या कुटुंबं गेल्याच्या बातम्या येतात. आपल्याकडे थंडीचे दिवस थोडे म्हणून बातम्या थोड्या, वायू तोच आहे.

इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपणं हाही तोच प्रकार. जुन्या गाडीच्या नळीला भोक असेल, मागे भिंत असेल, तर धूर आत येतो. कुणाला असं झालं तर आधी तिला उघड्यावर आणा, ताडपत्री सोडा, आणि दवाखान्यात न्या, तिथं प्राणवायू लावावा लागतो. कांदा हुंगवणं, लिंबू पाजणं यात वेळ घालवू नका.

मग शेकायचं कसं? गाडीबाहेर, झोपायच्या आधी, सगळ्यांनी मिळून. शेकोटीत दगड किंवा वीट तापवा, गोणपाटात नीट गुंडाळा आणि पायाशी घ्या. झाकण घट्ट असलेल्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घाला आणि पोटाशी धरा. एवढ्यानं झोप लागेपर्यंतची वेळ निभावते. आणि दाटीवाटीनं झोपा, एकमेकींना लागून. गाडीतली सर्वांत स्वस्त आणि बिनधोक शेगडी म्हणजे शेजारची बाई. तान्हं बाळ आईच्या उघड्या छातीशी, दोघांवर मिळून पांघरूण, बाळाचं तोंड मात्र मोकळं. आई जागी असेपर्यंतच तसं धरायचं, झोपताना बाळाला दोन जड गोधड्यांच्या मध्ये दाबून ठेवायचं नाही.

दारूनं ऊब येते हा समज पुरुषांत आहे, काही बायकांतही आहे. दारूनं कातडीकडे रक्त धावतं, गरम वाटतं, आणि तीच ऊब बाहेर निघून जाते. आतून माणूस थंड पडतो. शिवाय गाडीतल्या मुक्कामात दारू प्यालेला पुरुष म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

फाळका कोण उघडणार?

हा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो थंडीचा वाटत नाही. मुक्कामाला जाणाऱ्या बायकांना मी विचारते, रात्री पाणी किती पिता? जवळजवळ सगळ्या सांगतात, संध्याकाळनंतर घोटभरही नाही. रात्री उठावं लागू नये म्हणून. अंधार, कुत्री, रस्त्यावरची माणसं आणि ट्रकचा फाळका बाहेरून लावलेला. थंडीत लघवी जास्त लागते, बाई ती दाबून पडून राहते, झोप येत नाही. पाणी नाही, लघवी तुंबवलेली, चार दिवसांनी जळजळ आणि ताप. पाळी चालू असेल तर त्याहून हाल. बायकांना थंडीत झोप येत नाही म्हणतात. त्या झोपेच्या आड थंडी किती आणि ही भीती किती, हे कुणी विचारतच नाही.

म्हणून गाडीच्या मुक्कामाचे काही नियम आपण ठरवू. फाळका किंवा दार आतून उघडता आलं पाहिजे. बाहेरून साखळी लावायची नाही. बायकांच्या गाडीची किल्ली रात्री बायकांच्या गटप्रमुखाकडे राहील. चालक त्या गाडीत झोपणार नाही. घट्ट झाकणाची बादली, राख किंवा लाकडाचा भुसा आणि आडोशाला एक चादर एवढं गाडीतच असेल. बाहेर जायचं तर दोघींनी, बॅटरी घेऊन. बाहेर जाणारी शेजारणीला उठवून सांगेल आणि शेजारीण कुरकुर करणार नाही.

आणखी एक गोष्ट कायद्याची आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' या शब्दात मालकानं दिलेलं वाहनही येतं. म्हणजे बागेवर नेणारी पिकअप, तोडीला नेणारा ट्रक हे कायद्यानं कामाचं ठिकाण आहे. जिथं दहापेक्षा कमी कामगार आहेत किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. ही समिती जिल्ह्यात असावीच लागते. तिच्या अध्यक्षांचं नाव आणि बैठकीची जागा आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? हात वर करा. पाहा. मग बागेवरच्या बाईला कुठून माहीत असणार?

ओळखायचं कसं

एखादीला थंडी बाधली हे कसं ओळखायचं? कुडकुडणं ही चांगली खूण आहे, अंग ऊब तयार करतं आहे. काळजी करायची ती कुडकुडणं थांबल्यावर. बाई बोलताना अडखळते, पाऊल वेडंवाकडं पडतं, असंबद्ध बोलते, 'मला काही नको, झोपू द्या' म्हणते. तिला दमलेली समजून झोपू देतात आणि ती सकाळी उठत नाही. अंगाचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हा प्रकार सुरू होतो. म्हाताऱ्या माणसात कुडकुडणं मुळातच कमी, म्हणून आजीबाई शांत पडल्या आहेत म्हणजे बऱ्या आहेत असं धरू नका. हात लावून पाहा, बोलतं करा.

अशा वेळी ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, आधी पोट-छाती-मान यांना ऊब द्या. एखादीनं तिला छातीशी घेऊन एकाच पांघरुणात झोपावं. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर गोड गरम चहा. हातपाय जोरात चोळायचे नाहीत, आगीजवळ नेऊन शेकायचे नाहीत, दारू द्यायची नाही. आणि वाट पाहू नका, दवाखान्यात न्या. शंभरातल्या नव्वद गाड्यांत मोर्चाचं बॅनर असतं, पण मुक्कामाच्या गावात दवाखाना कुठं, रात्री कोण उघडतं, ते लिहिलेला कागद नसतो. तो कागद प्रत्येक गाडीत चालकासमोर चिकटवायचा.

आपण काय मागायचं

इथवर सांगितलं ते आपण आपल्या बळावर करू शकतो. पण सगळं बायकांनीच आपल्या गोधडीवर भागवायचं असं नव्हे. काही मागण्या ठामपणे मांडायला हव्यात.

एक, बागायतदार आणि मुकादम यांच्याशी मजुरीचा भाव ठरतो तेव्हाच मुक्कामाची जागा ठरली पाहिजे. पक्कं छप्पर, कोरडी जमीन, सरपण, संडास. 'उचल किती' या प्रश्नाच्या बरोबरीनं 'झोपायचं कुठं' हा प्रश्न बायकांनी विचारायचा. बोलणी पुरुष करतात म्हणून तो आजवर विचारला गेला नाही.

दोन, मालवाहू गाडीत माणसं कोंबणं कायद्याला मान्य नाही, आणि अपघात झाला की भरपाईला फाटे फुटतात. प्रवासी गाडीचं भाडं मजुरीतून न कापता मालकानं द्यावं.

तीन, शहरात जी बाई रस्त्यावर, हातगाडीवर, गोदाघाटावर झोपते ती आपल्या मागण्यांत कधी येत नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक रात्रनिवारा हवा असं सांगितलं. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची वस्ती पंधरा लाखांच्या जवळ होती. त्या हिशेबानं निदान चौदा निवारे हवेत, तेही त्या वेळच्या लोकसंख्येला. आज प्रत्यक्षात चालू किती, त्यांत बायकांसाठी किती, मुलांसकट बाईला घेतात का, नवऱ्याच्या मारातून रात्री बाहेर पडलेल्या बाईला आधार कार्ड मागतात का, हे माहितीच्या अधिकारात महानगरपालिकेला विचारायचं. अर्ज आज दुपारच्या गटचर्चेत लिहून घेऊ.

चार, आपल्या स्वतःच्या संघटनांसाठी. मोर्चाच्या तयारीच्या समितीत मुक्कामाची जबाबदारी असलेली एक बाई आणि एक पुरुष असावा. त्यांच्या हाती पैसे असावेत. खर्चाच्या हिशेबात 'अंथरूण-पांघरूण' असा वेगळा रकाना असावा. हिशेबात रकाना नसेल तर त्या गोष्टीला संघटनेत जागा नाही, हा माझा अनुभव आहे.

कृषी कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेतले गेले. वर्षभराचं बसणं होतं, दोन हिवाळ्यांना टेकलेलं. ते भाषणांनी जितकं टिकलं तितकंच ट्रॉलीत पेंढा भरणाऱ्या, लंगरात पहाटे चूल पेटवणाऱ्या, म्हाताऱ्यांचे पाय झाकणाऱ्या हातांनी टिकलं. ते हात बहुतेक बायकांचे होते आणि ते काम इतिहासात लिहिलं जात नाही. आपण निदान आपल्या इतिवृत्तात लिहू.

पौषातली यात्रा जवळ आली आहे. द्राक्षाची तोडणीही सुरू होईल. जेवणानंतर तालुक्यावार गट करून बसू. प्रत्येक गटानं आपल्या भागातल्या कुठल्या बाया या हिवाळ्यात गाडीत झोपणार आहेत त्यांची यादी करायची, आणि त्यांच्यापर्यंत निखाऱ्याच्या धोक्याची गोष्ट कोण, कोणत्या दिवशी पोचवणार ते नावानिशी लिहायचं. पुढच्या बैठकीत 'एवढ्या थंडीत बायकांना कुठं न्यायचं' असं कुणी म्हणालं, तर त्यांच्यापुढे आपण तयारीची यादी ठेवायची आणि विचारायचं, यातलं तुम्ही काय आणता?